स्लॅबखाली उघडी सीपीव्हीसी स्प्रिंकलर लाइन: घालावी का?

पर्वरीकर:
पर्वरीला आमची तळमजला अधिक चार अशी इमारत उभी राहतेय. फ्लॅटवाल्यांतर्फे साइटवर मी लक्ष ठेवतो. ठेकेदाराने आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरला लोखंडाऐवजी केशरी सीपीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) पाइप सुचवला: वेल्डिंग नाही, खाऱ्या हवेने गंजायची भीती नाही. पहिल्या मजल्याचं काम झालंसुद्धा. पॅसेजला फॉल्स सीलिंग नाही, म्हणजे पाइप उघडाच. माझी आई पंच्याऐंशीची, चौथ्या मजल्यावर राहणार. आगीत प्लास्टिकच वितळलं तर पाणी येणार कुठून? कोणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.

फोंड्याचा फिटर:
दादा, वितळण्याचं म्हणाल तर पाइपात सतत पाणी भरलेलं असतं, ते उष्णता ओढून घेतं. पाणी फवारणारं तोंड म्हणजे हेड, त्यातला लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो आणि पाणी वाहू लागतं. म्हणूनच हा पाइप फक्त कायम भरलेल्या लाइनलाच चालतो. उघडा ठेवायचा तर क्विक रिस्पॉन्स, म्हणजे उष्णतेला लवकर उघडणारं हेड हवं, पाइप सपाट स्लॅबला लागून हवा, आणि हेड स्लॅबपासून किती खाली ते पाइप कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच. पाइपवर आयएस १६०८८ छापलेलं बघा, ते स्प्रिंकलरच्या सीपीव्हीसी पाइपचं भारतीय मानक. बाथरूमच्या गरम पाण्याचा सीपीव्हीसी वेगळा, तो इथे चालत नाही. पार्किंगला मात्र लोखंडच घाला. हा पाइप राहत्या घरांसारख्या हलक्या धोक्याच्या जागांसाठी आहे.

काँक्रीटमध्ये खरी गडबड क्लॅम्पला होते. ३० मीटरच्या पॅसेजमध्ये तापमानात २० अंशांचा फरक पडला की पाइप ३६ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, स्लॅब तेवढा वाढत नाही. क्लॅम्पने पाइप वर धरायचा, आवळायचा नाही. लांबीत सरकायला वाव हवा, लांब पट्ट्यात एखादा वळसा हवा. २५ मिलिमीटरच्या पाइपला दर १.८ मीटरवर आधार, आणि हेडजवळ एक हवाच, कारण पाणी सुटलं की पाइप वर उसळी मारतो. बीममधून नेताना स्लीव्ह (बाहेरून मोठ्या नळीचा तुकडा) घाला, काँक्रीटला पाडलेल्या भोकाची धार पाइपला घासते.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. म्हापशाला एका लॉजचं काम केलं. टेस्ट उत्तम झाली. काही महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावर थेंब पडायला लागले. शिडी लावून वर गेलो तर वायरिंगवाल्याने केबलचा जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने आमच्या पाइपलाच बांधलेला. पट्टी कापली. खाली पाइपवर केसाएवढ्या बारीक रेघा, शेजारी शेजारी, नख फिरवलं की लागत होत्या. केबलच्या मऊ पीव्हीसीत जे तेलकट द्रव्य असतं ते सीपीव्हीसीत मुरतं आणि ताण असेल तिथे पाइप तडकतो. त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तेव्हापासून आमचं काम संपलं की वायरिंगवाला, एसीवाला, पीओपीवाला सगळ्यांना पाइपखाली उभं करून सांगतो.

मडगाव एसी सर्व्हिस:
अगदी बरोबर. आर-४१०ए गॅसच्या एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये पीओई नावाचं वंगण तेल असतं, तेही या पाइपला वाईट. तांब्याची नळी उघडताना खाली केशरी पाइप असेल तर आम्ही आधी झाकून घेतो.

पर्वरीकर:
आज बॅटरी घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो. छापा १६०८८चाच आहे. सात क्लॅम्प घट्ट आवळलेले, ते सैल करून घेतोय. लिफ्टजवळ दोन वायरी पाइपला बांधलेल्या सापडल्या! सोडवून पुसलं. रेघ दिसत नाही, नखालाही लागत नाही. तुकडा बदलावा का?

फोंड्याचा फिटर:
बदला. लाइन अजून कोरडी आहे, दोन कपलिंगचं काम. बांधलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना फूटभर सोडून कापा. सोल्व्हंट (पाइप चिकटवायचा सिमेंट) लावण्याआधी पाइप आणि सॉकेट कोरड्या कापडाने पुसून घ्या, आपल्याकडे हवेतच पाणी असतं. पाव फेरा देत आत ढकला, अर्धा मिनिट धरून ठेवा. नंतर डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे पूर्ण वाळू द्या, मगच टेस्ट: १३.८ बार, दोन तास, पाण्यानेच. कोणी कॉम्प्रेसर लावून हवेने टेस्ट करायला निघाला तर तिथेच थांबवा. हवेच्या दाबाने फुटलेल्या पाइपचे तुकडे उडतात.