लढाईवरून आलेला माणूस घरात कसा रुळला? तुमचे अनुभव लिहा

कोरेगाव, जि. सातारा

आमच्या भागात फौजीच्या घरी पाहुणे आले की दोनच प्रश्न असतात: कुठे लढलात, आणि पेन्शन किती बसली? जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. अर्धं आयुष्य अजून पुढे असतं आणि ते घरातच जायचं असतं. त्या अर्ध्याबद्दल मला कुठे वाचायला मिळत नाही. अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचा स्तंभ आहे. त्या युद्धातून जिवंत परत आलेले लोक रात्री कसे झोपत होते, त्यांच्या बायकांनी काय सोसलं, हे कुणी कुठे कोरून ठेवलेलं नाही.

माझे यजमान १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, द्रासला तोफखान्यात होते. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे डागले. त्यात यांचा डावा कान कायमचा गेला. पेन्शनवर आल्यावर दिवसा सगळं ठीक वाटायचं. रात्री मात्र हे ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचे. गावच्या यात्रेला दारूकाम सुरू झालं की पार रानात निघून जायचे.

यांना घरात आणलं ते म्हशीने. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि पहाटेची धार यांच्यावर आली. सहाच्या आत डेअरीत दूध पोचवायचं, मग वैरण, शेण, पाणी. पहाटे उठायचं म्हणून रात्री आडवं होणं आलं, आणि आडवं झाल्यावर हळूहळू झोपही आली. मुलगी लहान होती, पण ती आपणहून त्यांच्या उजव्या बाजूला बसायला लागली, बाबांना त्याच बाजूने ऐकू येतं म्हणून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिचं पाढे म्हणणं ऐकायला ते संध्याकाळी घरी थांबू लागले.

तुमच्याकडचं लिहा. पलटणीचा नंबर, तैनातीचा तपशील, सोबत्यांची नावं नकोत. शौर्याच्या गोष्टी इतरत्र भरपूर आहेत. घरातलं लिहा, बिनसलेलंही लिहा.

निवृत्त हवालदार, माण तालुका

ताई, मी बोलतोय आणि नातू टाइप करतोय.

मी १९८७ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेत जाफन्याला उतरलो. ऑपरेशन पवन. गेलो होतो शांतिसेना म्हणून आणि लागली तमिळ वाघांशी लढाई. समोरचा माणूस दिसायचाच नाही. रस्त्यात सुरुंग, ताडाच्या शेंड्यावर बंदूकवाला. दिवसा जो पोरगा दुकानात बसलेला दिसायचा, तोच रात्री काय करतो ते कळायचं नाही. आपली सुमारे बाराशे माणसं त्या बेटावर गेली. मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला परतली, तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नव्हते. कारगिलवरून आलेल्या पोरांच्या मिरवणुका निघाल्या, चांगलं झालं. आम्ही आलो तेव्हा एस्टीतनं उतरलो आणि ट्रंक खांद्यावर घेऊन घरी चालत गेलो.

घरी आल्यावर मला पायवाटेचं भ्या बसलेलं. मातीचा रंग कुठं बदललाय, गवत कुठं दबलंय, हे बघितल्याबिगर पाऊल पडायचं नाही. आमचा मळा हाकेच्या अंतरावर, पण बांधावरनं जायचं. मी बांधापाशी जाऊन उभा राहायचो आणि माघारी यायचो. लोक म्हणायचे, पेन्शन खाऊन आळशी झाला. भाऊबंदही म्हणायचे. मी कुणाला काय सांगणार?

माझ्या कारभारणीनं कारण विचारलं नाही. एक दिवस भाकरीची पाटी डोक्यावर घेतली, बांधावर चढली आणि म्हणाली, "माझ्या पावलावर पाय ठेवत या." मी थरारलोच. तिकडं आम्ही असंच चालायचो, पुढच्याच्या पावलावर पाऊल. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या माणदेशात काट्याकुट्यातनं लेकराला न्यायचं तर असंच नेतात, तेवढंच तिला ठाऊक.

रोज ती पुढं आणि मी मागं. लोक हसले असतील, तिनं तिकडं बघितलं नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालायचं. इथं खाली काही असलं तर आधी ही जाणार. आपण हिच्या आडोशानं चालतोय. हा विचार दिवसेंदिवस टोचायला लागला, आणि ज्वारीच्या काढणीत एका सकाळी मी तिला थांबवलं आणि पुढं झालो. पाय लटपटत होते. मळ्यात पोचल्यावर मी बसून रडलो. ती काढणीला लागली. थोड्या वेळानं मीही विळा घेतला.

जाफन्यात काय झालं ते तिला मी सांगितलं थोरल्या लेकीचं लग्न झाल्यावर. एवढी वर्षं लागली. तिनं एवढंच विचारलं, "त्या पोराची आई हाय का अजून?" माझ्या शेजारी गेलेल्या पोराबद्दल विचारत होती ती. आता कोलंबोत आपल्या माणसांचं स्मारक आहे, गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. नातवानं फोनवर फोटो दाखवला. फोटो मोठा करून करून आम्ही दोघांनी ते नाव हुडकलं.

खडकी, पुणे

माझे वडील १९७१ च्या लढाईत पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला जखमी झाले. मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं शरीर गेलं. मी तेव्हा पाळण्यात होतो. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ ला सुरू झालं आणि ते तिथे आले. आईने जवळच खोली घेतली.

आईने एक गोष्ट ठरवून केली. घराचा कर्ता तिने कधी बदलू दिला नाही. रेशनकार्ड, लाइटबिल, माझा अभ्यास, स्टोव्हची पिन, शेजाऱ्यांशी पाण्याचं भांडण, सगळं बाबांकडे. "मला काय कळतं, त्यांना विचारा" असं ती दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणायची. तिला सगळं कळत होतं. मला गणित बाबांनी शिकवलं, व्हीलचेअरच्या हातावर पाटी ठेवून. मुरलीकांत पेटकरांचं नाव त्यांच्या तोंडी सारखं असायचं. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागलेला आपल्या सांगलीकडचा जवान १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहून सुवर्णपदक आणतो, हे ते नवीन आलेल्या प्रत्येक जखमी पोराला सांगायचे. नवीन पोरांना समजावणं हे त्यांनी आपलं कामच मानलं होतं.

पण अर्धीच बाजू सांगून थांबणं मला पटत नाही. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरी असायचे तेव्हा आई रात्रभर गजर लावून उठायची. तिची तरुणपणाची झोप त्यात गेली. बाबांना पदक मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. आईच्या नावावर काहीच नाही.

एक पत्नी, नगर जिल्हा

वरचं सगळं वाचून भरून आलं, तरी माझं वेगळं आहे. बायकोच्या मायेने माणूस सावरतो, हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं आहे की आता ते कानावर नको वाटतं. मी माया केली. आवाज नको म्हणून मिक्सर लावला नाही, मुलांना दबक्या पावलांनी चालायला लावलं, लग्नकार्यं सोडली. ते काश्मीरहून आले ते संशय घेऊनच. दारावर कोण आलं, फोन कुणाचा, भाजीवाला दोनदा का आला. त्यात कँटीनची रम. एका रात्री झोपेत माझा गळा धरला. जागे झाले तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते.

मी मुलांना घेऊन माहेरी गेले. सासरच्यांनी नाव ठेवलं, देशासाठी लढलेल्या माणसाला सोडून गेली म्हणून. ते मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल झाले, गोळ्या नियमित सुरू झाल्या, दारू सुटली, तेव्हाच मी परतले. आज आमचं बरं चाललंय. मुलाला क्रिकेटच्या सरावाला तेच नेतात. पण क्रम लिहून ठेवते: आधी डॉक्टर, मग घर.

मनोविकारतज्ज्ञ, पुणे

नगरच्या ताईंना मनापासून नमस्कार. मी बरीच वर्षं लष्करी रुग्णालयात काम केलं. त्यांनी क्रम सांगितला आहे तो अगदी बरोबर आहे.

घर सावरतं कसं, याचं उत्तर माणच्या काकांच्या लिहिण्यात आहे. भीती टाळत राहिलं की ती वाढते. घरातले प्रेमापोटी मिक्सर बंद करतात, फटाक्यांची गल्ली टाळतात, माणसाला बाजारात पाठवत नाहीत. त्याच्या मनाला मात्र असं वाटतं की धोका खराच असणार, सगळेच सावध आहेत. काकूंनी बांध टाळला नाही. त्या रोज थोडं थोडं चालवत राहिल्या. आम्ही उपचारात हेच करतो, फक्त मोजून-मापून आणि माणूस तयार असेल तेवढंच. सगळ्यांनी घरच्या घरी करून बघावं असं मात्र नाही.

काही गोष्टी लगेच करता येतील. झोपेत ओरडणाऱ्या माणसाला हलवून उठवू नका. लांब उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, तुम्ही कोण आणि तो कुठे आहे ते सांगा. गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बाराबोर बंदूक घरात असेल आणि दिवस वाईट चालले असतील, तर ती घराबाहेर सुरक्षित जागी ठेवा. वडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकू नका. लेकरू उजव्या बाजूला येऊन बसलं तर गोडच आहे, पण बापाचा राग ओळखून घरभर वागायला शिकलेली मुलं पुढे आमच्याकडे येतात.

फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीत, ज्याला जवान 'शेप' (SHAPE) म्हणतात, पहिलं अक्षर मनासाठी आहे. तरी लाजेपोटी लोक पाठदुखी सांगून येतात. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी पुढे पाठवतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. सशस्त्र दलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून आहे. बायकांनी स्वतःसाठीही फोन करावा.

खेड, रत्नागिरी

आमचे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवर होते, जिथे नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरी त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. आजी सांगायची, आल्यावर ते पहिलं वर्ष फक्त गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, रचत होते. आमच्या, मग शेजाऱ्यांच्या, मग वाडीतल्या सगळ्यांच्या कलमांभोवती. कुणी पैसे दिले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. पणजी दुपारी पेज घेऊन जिथे गडगा चालला असेल तिथे जायची.

निवृत्त नाईक, चंदगड तालुका

माझं कुटुंब थोडं निराळं आहे. कारगिलला माझ्याशेजारचा माझा जोडीदार गेला. तो शेजारच्याच तालुक्यातला. तिरंग्यातली पेटी घेऊन गेलेल्यांत मी होतो. त्याच्या आईने मला ओळखलं, सुट्टीत एकदा जेवून गेलो होतो. त्यानंतर किती दिवस मला तिच्यासमोर जायचा धीर झाला नाही. तो गेला आणि मी राहिलो, कुठल्या तोंडाने जाऊ?

शेवटी तिनेच निरोप धाडला: भाताची लावण आली आहे, माणूस नाही, येऊन जा. गेलो. चिखलात उभं राहून दिवसभर तरवा लावला. ती त्याच्याबद्दल बोलली नाही, मीही बोललो नाही. रात्री जेवताना म्हणाली, पुढच्या वर्षीही ये. तेव्हापासून दरवर्षी लावणीला आणि मळणीला मी तिथे असतो. आता बायको-पोरंही येतात. पोरं तिला आजी म्हणतात. माझ्या सख्ख्या आईने पहिल्यांदा जरा तोंड वाकडं केलं होतं, आता तीच डबा भरून देते. आमची बोलणी सगळी खत आणि पाण्याची असतात. तो कसा गेला हे तिने एकदाच विचारलं, खूप वर्षांनी, आणि मी खरं सांगितलं. लगेच गेला. त्रास झाला नाही. हे खरंच तसं होतं, म्हणून मला सांगता आलं.

निवृत्त शिपाई, सध्या पिंपरी

मी राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीर करून नुकताच पेन्शनवर आलोय. मेस्को या माजी सैनिकांच्या सरकारी महामंडळामार्फत गार्डची नोकरी लागली ती रात्रपाळीची. मला बरंच वाटलं, तशीही झोप येत नव्हती. पण रात्री पहारा आणि दिवसा पडदे लावून पडणं, म्हणजे मी अजून पोस्टवरच होतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, तो मला "काका" म्हणायला लागला होता.

वरचं म्हशीचं दोनदा वाचलं. काल सुपरवायझरकडे दिवसपाळी मागितली. पगार थोडा कमी होईल, बायको म्हणाली होऊ दे. डॉक्टरताई, पॉलिक्लिनिकमध्ये जाताना डिस्चार्ज बुक सोबत न्यायचं का? आणि बायकोला आत बोलावतात की बाहेर बसवतात? ती यायचं म्हणतेय.