गुहागर–विजापूर रस्ता (जुना राज्य महामार्ग ७८) : मूळ मार्ग आणि दगडांवरचे आकडे

माणदेशी_वाट : चिपळूण-कराड-विटा-जत या रस्त्याची माहिती जमवतोय. आताचा राष्ट्रीय महामार्ग १६६ ई म्हणजे जुना ७८ च का? कोयना धरणात जुना रस्ता बुडाला असं पाटण भागात काही जण सांगतात, ते खरं का? आणि विट्याच्या पुढे जुन्या-नव्या दगडांचे आकडे जुळत नाहीत, मग अंतर धरायचं कुठून?

हेळवाकचं_वळण : आधी धरणाचं. बुडाला नाही. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. धरण या वळणाच्या वरच्या अंगाला आहे, फुगवटा उत्तरेला बामणोली-तापोळ्याकडे. बुडाली ती वरच्या खोऱ्यातली गावं आणि त्यांच्या आपापसातल्या वाटा. कराड-चिपळूण रस्ता धरणाच्या खालून जातो.

रस्ता इथूनच का गेला, तेही या वळणातच आहे. वारुंजी फाटा, सुपने, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर असा तो नदीच्या खोऱ्यातून फारसा चढ न घेता सह्याद्रीच्या धारेपाशी पोचतो. कुंभार्ली घाटाचा खरा उतार पलीकडे, पोफळीच्या बाजूला. बैलगाडीच्या जमान्यात याला फार किंमत होती. देशावरचा माल याच वाटेने चिपळूणच्या गोवळकोट बंदरात उतरायचा. १८८० नंतर पुणे-मिरज रेल्वे झाली आणि घाटाची वर्दळ ओसरली.

मोरी_मुरूम : मार्गाइतकंच रस्त्याचं दुखणं बघा, दोन टोकांना अगदी उलटं आहे. कोयनानगरला वर्षाला ५००० मिमीच्या घरात पाऊस, जतला ५०० च्या आसपास.

घाटात डोंगराकडच्या गटारात दगड-पालापाचोळा साचतो, मोरीचं तोंड बुजतं. मग पाणी डांबरावरून आडवं जाऊन दरीकडची साइडपट्टी खातं, आणि त्यामागून संरक्षक भिंत बसते. लोक खड्डे मोजत बसतात. मे महिन्यात मोऱ्यांची तोंडं बघायला हवीत.

पूर्वेला काळ्या मातीचे पट्टे आहेत, तिथे माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आधी कडा खचते, मग डांबराला लांबीच्या दिशेने चीर पडते. काळी माती काढून मुरूम भरणं आणि पाणी पायाजवळ थांबू न देणं, याला पर्याय नाही. त्यात कडेगाव-विटा पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलरवाले ट्रॅक्टर नेमके कडेवरून चालतात.

हिरवा_दगड : १६६ ई ढोबळमानाने तोच. कराडातून कृष्णा पूल, ओगलेवाडी (कराडचं रेल्वे स्टेशन इथंच), सुर्ली घाट, कडेगाव, विटा, रेणावी, खानापूर, भिवघाट, नागज, जत, मुचंडी. नागजला मिरज-पंढरपूर रस्ता लागतो.

दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्य महामार्गाच्या काळातला, पिवळा असेल तर राष्ट्रीय झाल्यानंतरचा. किलोमीटर गुहागरकडून मोजलेले, म्हणून पूर्वेला आकडा वाढतो. पण वळणं सरळ केली, एखादं गाव बाहेरून वळवलं की अंतर बदलतं, आणि जुने दगड जागच्या जागी राहतात. त्यामुळे दगडावर भिस्त ठेवू नका, मोऱ्या-पुलांच्या कठड्यांवरचे क्रमांक उतरवा. १७१/२ म्हणजे किलोमीटर १७१ मधली दुसरी मोरी.

माणदेशी_वाट : काही कठड्यांवर दोन क्रमांक दिसतात, एक पुसट आणि वर नव्या रंगातला. कुठला धरू?

हिरवा_दगड : दोन्ही. शेजारी शेजारी लिहा आणि किलोमीटरमधला फरक काढा. सलग मोऱ्यांवर फरक सारखाच राहिला, तर त्या टप्प्यात लांबी बदललेली नाही. जिथे तो एकदम उडी घेतो, त्या दोन मोऱ्यांच्या मध्ये जुना तुकडा सुटलाय. एखाद्या किलोमीटरचा फरक नुसत्या जुळवणीतही येतो, त्यावरून घाई करू नका. रस्त्याला फुटलेला अर्धवट डांबरी फाटा आणि त्याच्या दुतर्फा जुनी वडाची झाडं दिसली, तर तिथे चालत जा. एखादा हिरवा दगड बहुधा झुडपात सापडेल.