मदत हवी आहे: मराठीत कमिट मेसेज लिहायचा तर क्रियापद कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण नाशिकला कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. कोडमधला प्रत्येक बदल गिट या प्रणालीत नोंदवतो. त्या नोंदीला कमिट म्हणतात आणि तिच्यासोबत लिहिलेल्या टिपेला कमिट मेसेज. गेल्या आठवड्यात शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत तोलाई (मालाच्या वजनाची मजुरी) दोनदा कापली जातेय, असं कळलं. गिट ब्लेम या कमांडने कोडची ती ओळ कुठल्या कमिटमध्ये बदलली ते लगेच सापडलं, पण मेसेज काय, तर 'फिक्स'. त्याआधीचे 'फिक्स २' आणि 'आता चालतंय'. तो बदल करणारा मुलगा आता पुण्याला असतो. फोन केला, पण त्यालाही काही आठवेना. रिव्हर्ट करावं, म्हणजे तो बदल मागे घ्यावा, तर आणखी काय मोडेल याची धास्ती. रात्रभर जागलो. शेतकऱ्याच्या घामाचे पैसे आहेत हो, जीव तुटतो.

तेव्हा आता शिस्त लावायचीच. पहिली ओळ ५० अक्षरांच्या आत, मग एक रिकामी ओळ, खाली बदल का केला ते ७२ अक्षरांच्या ओळींत, एवढं कळलं. टीमला मराठीतच नीट मांडता येतं, म्हणून मेसेज मराठीत ठेवायचं ठरलं. अडलंय ते क्रियापदापाशी. इंग्रजीत पहिली ओळ आज्ञार्थी लिहितात. मराठीत 'दुरुस्त कर' म्हटलं तर वयाने मोठ्या सहकाऱ्याला अरेतुरे केल्यासारखं वाटतं आणि 'दुरुस्त करा' वाचून काम अजून बाकी आहे असं वाटतं. शिवाय 'क्विंटल' दिसायला तीन अक्षरी, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक वेलांटी, अनुस्वार वगैरे सुटे धरतो तसं मोजलं तर सात. मग ५० कसे मोजायचे?

प्रतिसाद १:
आम्ही क्रियापदच टाळतो. 'हिशेबपट्टी: तोलाईच्या दुहेरी कपातीची दुरुस्ती'. आधी भाग, मग काम. लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, शोधायलाही सोपं जातं. ५० हा संकेत आहे, गिट काही अडवत नाही. यादीत ओळ न तुटता दिसली की पुरे. 'का' मात्र सोडू नका, काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) दिसतंच.

धागाकर्ता:
'दुरुस्ती' पटलं, आजच टीमला सांगतो. जुने 'फिक्स' आता बदलता येतील का?

प्रतिसाद १:
सगळ्यांकडे गेलेला इतिहास बदलू नका, हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) बदलतात आणि बाकीच्यांच्या प्रती जुळेनाशा होतात. त्यापेक्षा गिट नोट्स वापरा. कमिटला हात न लावता टीप जोडता येते. फक्त नोट्स आपोआप पुश होत नाहीत, वेगळ्या पाठवाव्या लागतात.