घर रिकामे केल्याने माणूस मोकळा होतो का?

मूळ लेखन (फोंडा)
गेल्या वैशाखात मी डिचोली तालुक्यातील मूळ घर बंद करून फोंड्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला आलो. सोबत आणलेले सारे सामान दोन कपाटांत मावले. न्हाणीतले तांब्याचे भाण, माळ्यावरचे हंडे, पाट-चौरंग आणि तीन पिढ्यांची भांडी नात्यागोत्यात वाटून टाकली. दरवर्षी मिरगापूर्वी छपराचे नळे (कौले) परतायला माणसे शोधण्यात आणि वाशांना लागलेली वाळवी पाहण्यात आपली किती वर्षे गेली, याचा हिशेब मी इथे आल्यावर पहिल्यांदा मांडला. आता कुलूप लावले की मी निघालो.

सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी १८९९ मध्ये घर सोडले, नेपाळ आणि बोधगया करीत सिंहलद्वीप गाठले व १९०२ मध्ये ते भिक्षू झाले. घरच्या व्यापात ते अडकून राहिले असते, तर बुद्धाचा विचार इतक्या सोप्या मराठीत आपल्यापर्यंत पोचला असता का? माझ्या मते मोकळेपण हे मिळवायचे नसते, त्याच्या वाटेतले सामान तेवढे हलवायचे असते.

प्रतिसाद १ (मडगाव)
कोसंबींबद्दल मलाही आदर आहे. परंतु ते निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती, हे आपण वगळले. एकाच्या खांद्यावरून ओझे उतरले की ते बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, आणि तो दुसरा खांदा बहुतेक वेळा बाईचाच असतो. शिवाय गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर संपत्ती नवरा-बायकोची समाईक धरली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून ही रीत चालत आली आहे. तेव्हा ते भाण एकट्या आपले नव्हतेच. वाटप करताना घरच्यांना विचारले होते का?

मूळ लेखक
विचारले होते. पत्नीने एक हंडा ठेवून घेतला आणि बाकीचे खुशाल द्या म्हणाली. त्या हंड्यात आता तांदूळ असतात. मात्र ‘खुशाल’ म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, हे आपला प्रश्न वाचल्यावर आठवले.

प्रतिसाद २ (पेडणे)
मी मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा, मुलगा आहे, त्यामुळे मला ही चर्चा थोडी परकी वाटते. आमच्या घरात चार भांडी, दोन चटया आणि एक पेटी होती. अपरिग्रहाची परीक्षा असती तर आम्ही पहिले आलो असतो. तरीही वडिलांना कुडाची भिंत चिऱ्यांची करायची, तर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) दारी जाऊन उभे राहावे लागे, आणि अंगणात पडलेला नारळ उचलण्याआधी माड कोणाचा हे पाहावे लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिले आणि राहते घर विकत घेण्याची वाट उघडली. पुष्कळ खेपा घातल्यावर आमच्या घराची जागा वडिलांच्या नावावर झाली. त्याच पावसात त्यांनी फणसाचे रोप लावले, कारण तोवर पाच-सात वर्षांनी फळ देणारे काहीही लावण्याची त्यांना छाती झाली नव्हती. आपण ज्याला बंधन म्हणता, तो कागद हाती आला तेव्हा आमचे वडील मोकळे झाले.

प्रतिसाद ३ (वाळपई)
मला मूळ लेखकाचे म्हणणे निम्मे पटते. सामान कमी झाल्यावर डोके हलके होते, हा अनुभव खरा आहे. पण हणजुण्याला साठ-सत्तरच्या दशकांत आलेले परदेशी हिप्पीही एका पिशवीवर राहत आणि पैसे संपले की आपल्याच वस्तू किनाऱ्यावर मांडून विकत. त्यांचे ते हलकेपण परतीच्या वाटेवर उभे होते. मागे कुठेतरी घर होते. आपलेही तसेच नाही ना? चवथ (गणेशचतुर्थी) कुठे करणार, आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची माटोळी कुठे बांधणार, एवढेच सांगा.

मूळ लेखक
माटोळीची चौकट मूळ घरीच आहे, आणि सदनिकेच्या छताला ती बांधायची सोय नाही. पेडण्याच्या गृहस्थांचे म्हणणे मला खोडता येत नाही: नाव सातबाऱ्यासारख्या कागदावर होते, म्हणूनच मला सोडण्याचे धाडस झाले. चवथीला मुंबईचे भाऊबंद येतील, म्हणून किल्ली मी माझ्याकडेच ठेवली आहे. नळेही यंदा परतून घेतले.