ट्रॅकरच्या पोटात टाकी बसवताना नेमकं काय बदलतं?

टेहळ्या: ग्रमन एस-२ ट्रॅकर (पहिलं उड्डाण १९५२) हे मुळात नौदलाचं पाणबुडीशोधक विमान. कॅलिफोर्नियात कॅल फायर (राज्याचं वणवे विझवणारं खातं) त्याचंच एस-२टी रूप वणव्यांसाठी वापरतं. त्यात रिटार्डंटची, म्हणजे आग रोखणाऱ्या रसायनाच्या द्रवाची, टाकी कुठे बसवतात? आणि जुन्या गस्ती विमानांचे पंख का तुटायचे?

शेपूटपंखा: जिथे टॉर्पेडो असायचा तिथेच. तो कप्पा गुरुत्वमध्याजवळ असतो, म्हणून भार सुटला तरी तोल फारसा जात नाही. रडार, सोनोबॉय (पाण्यात टाकायची, पाणबुडीचा आवाज टिपणारी तरंगती यंत्रं), शेपटीतला चुंबकीय शोधकाचा दांडा असं सगळं निघतं. राइटची पिस्टन इंजिनं जाऊन गॅरेटची टीपीई३३१ टर्बोप्रॉप येतात. पिस्टनवाल्या एस-२ए मध्ये ८०० गॅलन मावायचे, एस-२टीमध्ये १,२०० म्हणजे सुमारे ४,५४० लिटर. रिटार्डंट पाण्यापेक्षा जड, त्यामुळे वजन ४,९०० किलोच्या आसपास भरतं. एवढं वजन काही सेकंदांत सुटलं की तोल टिकला तरी नाक वर उसळतंच; वैमानिकाने नियंत्रणदांडा पुढे दाबायच्या तयारीतच राहायचं.

गॅलनमास्तर: टाकीच्या वरच्या हवाछिद्रांकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण खरी मेख तिथेच. ती अपुरी असली तर आत निर्वात तयार होतो, धार अडखळते आणि जमिनीवरच्या पट्ट्यात मोकळ्या जागा राहतात. आग नेमकी तिथूनच पार होते. शिवाय टाकी रिकामी होत जाते तसा दाब घटतो, म्हणून नव्या टाक्यांत तळाची दारं संगणक हळूहळू जास्त उघडत नेतो. गवताला १०० चौरस फुटांवर १ गॅलन पुरतो, दाट जंगलाला ६ किंवा त्याहून जास्त.

टेहळ्या: आणि पंख?

शेपूटपंखा: धातूचा थकवा. समुद्रावरची गस्त बरीचशी संथ असते. वणव्यावर मात्र खालून तापलेल्या हवेचे धक्के, आणि भार टाकला की लगेच दरीतून वर खेचायचं. दोन्हीकडचा एक तास सारखा धरून पंखाचं आयुष्य मोजणं हीच चूक. जुलै २००२ मध्ये कोलोरॅडोत एस्टेस पार्कजवळ पीबी४वाय-२ प्रायव्हेटियर या जुन्या नौदल गस्ती विमानाचा पंख हवेतच तुटला, दोघे गेले. त्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियात वॉकरजवळ सी-१३०ए चे पंख तुटले होते. ते मालवाहू, पण दुखणं तेच. २००४ मध्ये वणव्यांवरच्या ३३ जड टँकर विमानांचे करार रद्द झाले.

गॅलनमास्तर: स्पारमधली (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईतली) भेग पत्र्याखाली दडलेली असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एडी करंट (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून) किंवा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी) तपासणीच लागते. आणि रिटार्डंटमध्ये फॉस्फेटचे क्षार असतात, म्हणून पोट आणि दारांच्या बिजागऱ्या रोज धुवा. खपली धरली की खालचं ॲल्युमिनियम खायला लागतं.