डोंगग्वानच्या मोल्डिंग कारखान्याचं कामगार ऑडिट: हजेरीपट खरा की बनवलेला?

भोसरी_पर्चेस:
आमची प्लॅस्टिक हाउसिंग (उपकरणांची बाहेरची कवचं) चीनमधल्या डोंगग्वानहून येतात. जर्मन ग्राहकाने आता त्या पुरवठादाराच्या कामगारांचे तास, पगार आणि विम्याचे पुरावे मागितलेत. पुरवठादाराने एक्सेल पाठवली आहे: १४० कामगार, प्रत्येकाचा ओव्हरटाइम महिन्याला बरोबर ३६ तास, रविवारी सुट्टी. पुढच्या महिन्यात तिथे जायचंय. कायदा नेमका काय म्हणतो आणि पाहायचं काय? दुभाषा त्यांचाच चालेल का?

तळेगावकर:
१४० जणांचा ओव्हरटाइम नेमका ३६ वरच थांबतोय, हीच पहिली खूण. चीनच्या १९९५ पासून लागू असलेल्या श्रम कायद्यात जादा कामाची महिन्याची मर्यादा ३६ तास आहे आणि दिवसाची जास्तीत जास्त ३. तो पट कायद्याचं पुस्तक उघडं ठेवून भरलेला दिसतो.

तिथे आठवडा ४० तासांचा. परदेशी ग्राहकांच्या आचारसंहितेत मात्र बहुधा ६० तासांपर्यंत चालतं. ६० म्हणजे आठवड्याला २० जादा, महिन्याला साधारण ८७. म्हणजे ग्राहकाच्या कागदावर पास झालेला कारखाना कायद्यात सपशेल नापास असू शकतो. अहवालात दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या दाखवा. ‘आमच्याकडे तास एकत्रित मोजायची (म्हणजे आठवड्याऐवजी मोठ्या कालावधीची बेरीज धरायची) परवानगी आहे’ असं सांगतील. श्रम खात्याचं मंजुरीपत्र मागा. त्यावरची मुदत आणि कोणत्या पदांना ती लागू आहे, ते वाचून घ्या.

पगार: मूळ पगार भागिले २१.७५ म्हणजे रोज, त्याला ८ ने भागलं की तासाचा दर. कामाच्या दिवशी ओव्हरटाइम दीडपट, साप्ताहिक सुट्टीला (बदली रजा दिली नसेल तर) दुप्पट, सरकारी सणाला तिप्पट. मूळ २,१७५ युआन धरा: तासाला १२.५०, तर ओव्हरटाइम १८.७५, २५ आणि ३७.५०. आपल्याकडे सरसकट दुप्पट असल्यामुळे पुण्यातून गेलेल्या माणसाचं या फरकाकडे लक्षच जात नाही. शनिवारचे आठ तास दीडपटीने लावले, तर चार शनिवारांत माणशी २०० युआन बुडतात. हिशेब शनिवारपासूनच सुरू करा.

चाकण_क्वालिटी:
हजेरीपट ऑडिटरसाठी सजवता येतो, उत्पादनाच्या वह्या सजवणं अवघड. मोल्डिंग शॉपमध्ये साचा बदलल्याची नोंद, फर्स्ट पीस (साचा चढवल्यावर निघालेला पहिला नग) तपासणीचा कागद, हॉपर ड्रायरची (प्लॅस्टिकचे दाणे सुकवणाऱ्या यंत्राची) शीट आणि गेट रजिस्टर बघा. हजेरीपट मागण्याआधीच शॉपमध्ये फिरून यांतल्या तारखा टिपून घ्या. पटात सुट्टी असलेल्या रविवारी रात्री अकराला साचा चढलेला सापडला, तर पुढे फार विचारावं लागत नाही.

त्याहून सोपं म्हणजे तुमच्याच स्टोअरमधल्या खोक्यांवरचे लॉट स्टिकर. उत्पादनाची तारीख आणि शिफ्ट त्यावर बहुधा असते. रविवारचे लॉट निघण्याआधीच वेगळे काढा.

पंचिंगही बघा. खऱ्या पंचिंगमध्ये ७:५२, ७:५८, ८:०३ असं मागेपुढे असतं. रोज सगळे ८:०० ला आत आणि ५:३० ला बाहेर, असं कुठेच घडत नाही.

रांजणगाव_सुरक्षा:
विम्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पेन्शन, वैद्यकीय, बेकारी, अपघात आणि प्रसूती असे पाच विमे, शिवाय घर निधी (घरासाठीची सक्तीची बचत). बरेच जण फक्त अपघात विमा भरतात किंवा सगळ्यांचा हप्ता किमान पगारावर काढतात. कर खात्याकडे भरणा केल्याची नावनिहाय यादी मागा आणि पगारपत्रकाशी ताडून बघा. ‘कामगारालाच विमा नकोय, त्याने सही दिली आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. अशी सही बाद ठरते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या खुलाशात स्पष्ट केलंय. २०१४ मध्ये डोंगग्वानमध्येच यू युएन या बूट कारखान्यातले हजारो कामगार याच थकलेल्या हप्त्यांसाठी संपावर गेले होते.

एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांना एकूण कामगारांच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. हजेरीपटात १४० आणि कॅन्टीनमध्ये २०० ताटं, असं दिसलं तर ती माणसं कोणाच्या पटावर आहेत ते विचारा.

पुसायला, साफ करायला कोणतं सॉल्व्हंट वापरतात ते डब्यावर वाचा. अल्कोहोलपेक्षा लवकर सुकतं म्हणून सुझोऊच्या एका टचस्क्रीन कारखान्यात एन-हेक्झेन वापरलं गेलं आणि २००९ मध्ये शंभराहून जास्त कामगारांच्या नसांवर परिणाम झाला. हातापायांना मुंग्या, मग चालणं जड. एक्झॉस्टच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली नाही, तर पंखा नुसता आवाजापुरता आहे.

भोसरी_पर्चेस:
मनापासून आभार. आणि दुभाषा? कामगारांशी बाहेर गाठ घालून बोलावं का?

तळेगावकर:
दुभाषा तुमचा, तुमच्या पैशाने. गेटबाहेर कोणाला गाठू नका. तुम्ही विमानात बसाल, तो माणूस तिथेच राहणार आहे. नावं तुम्हीच पटातून निवडा, वेगवेगळ्या लाइनवरची दहाबारा, म्हणजे कोण काय बोललं हे कळणार नाही. ‘ओव्हरटाइम किती?’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलेलं असतं. ‘गेल्या रविवारी काय केलंत?’, ‘पगार कोणत्या तारखेला जमा होतो?’ असं विचारा. युनियनच्या सहीवर विसंबू नका. तिथे कायद्याने एकच महासंघ आहे आणि कारखान्यातला अध्यक्ष बरेचदा व्यवस्थापनातलाच असतो.

खोटा पट सापडला म्हणून लगेच ऑर्डर काढून घेऊ नका. त्याने कामगाराचाच पगार बुडेल आणि पुढचा पुरवठादार जास्त सफाईने पट भरेल. आधी खरे तास मागा, मग स्वतःच्या पीओ (खरेदी ऑर्डर) बघा. ड्रॉइंगची रिव्हिजन उशिरा पाठवून डिस्पॅचची तारीख तीच ठेवली असेल, तर त्या रविवारचं काम भोसरीतूनच गेलंय. चिनी नववर्षाच्या आधीचे सहा आठवडे मोकळे धरून ऑर्डर आधी द्या, आणि ग्राहकाला हा बदल तारखांसह लेखी कळवा.