यकृताचा कर्करोग : धमनी बंद करण्याच्या उपचारासोबत चाचणीतील औषध घ्यावे का?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली) : थोरल्या चुलत्यांच्या यकृतातील गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही, म्हणून मांडीतून नळी घालून धमनी बंद करण्याचे ठरले आहे. सोबत चाचणीतील औषध घ्यावे का?

उत्तर १ : गाठीला रक्त मुख्यतः यकृत-धमनीतून मिळते, निरोगी यकृताला पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर), म्हणून धमनी बंद केली की मुख्यतः गाठीचाच पुरवठा तुटतो, मात्र प्राणवायू तुटला की गाठ नव्या रक्तवाहिन्यांसाठी संकेत सोडते, आणि तेच रोखण्यासाठी असे औषध जोडतात.

उत्तर २ : हुरळून जाऊ नये. या उपचाराला सोराफेनिब (नव्या रक्तवाहिन्या रोखणारी गोळी) जोडून ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. एमराल्ड-१ या दुसऱ्या चाचणीत दुर्व्हालुमॅब (प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध) व बेव्हॅसिझुमॅब (नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) जोडल्यावर आजार न वाढण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा आजार जितका काळ वाढला नाही तो) ८.२ वरून १५ महिन्यांवर गेला, पण आजार थोपणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे.

उत्तर ३ : चाचणीत वाट्याला औषधाऐवजी प्लासिबोही (औषधासारखाच दिसणारा, पण औषध नसलेला डोस) येऊ शकतो, हे चुलत्यांना आधीच सांगा आणि संमतीपत्र मराठीतच मागा.